गव्हर्नर ब्रेक्के यांची फेरनिवड आणि माझे दोन नकार

निवडणूक म्हणजे लोकांच्या अंतरात्म्याचा हुंकार असतो. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या आमच्या गावात हा हुंकार नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळी सात ते संध्याकाळी आठ या वेळात, लूथरन चर्चच्या तळघरात, मागच्या दारापाशी बूट पुसून आत गेल्यावर देता येत असे. बूट न पुसणाऱ्यांचा अंतरात्मा मिसेस ऑमॉट दारातूनच परत पाठवत.

१९५४ साली या हुंकारातून काय निघणार, ते उन्हाळ्यापासूनच सगळ्यांना ठाऊक होतं. गव्हर्नर आयनार ब्रेक्के तिसऱ्यांदा निवडून येणार होते. त्यांच्या विरोधात उभा असलेला गृहस्थ टर्की पाळायचा, आणि त्याची बायकोसुद्धा ‘माझं मत ब्रेक्केंनाच’ असं किराणा दुकानात सांगत फिरायची. ब्रेक्के लोकांना आवडायचे, कारण ते कमी बोलत, हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वेळेवर उपसून घेत, आणि कुणी काही देऊ केलं तर रीतसर ‘नको’ म्हणत.

ही ‘नको’ची रीत आमच्या आजोबा-पणजोबांनी नॉर्वेहून आणली. सोबत थोडी भांडी आणि पुष्कळ लोकरी मोजेही आणले होते. ते विरले, रीत टिकली. कुणी कॉफी विचारली की पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं. हे ‘नको’ कुणी मोजत नाही, तो नुसता नमस्कार असतो. दुसऱ्यांदा ‘नको’ म्हणायचं ते समोरच्याला माघार घेता यावी म्हणून. तिसऱ्यांदा विचारलं की मान जरा तिरकी करून म्हणायचं, ‘बरं... अर्धा कप.’

त्या वर्षी पक्षाच्या अधिवेशनात ब्रेक्केंना सकाळी विचारलं, पुन्हा उभे राहता का? ते नाही म्हणाले. दुपारी विचारलं, पुन्हा नाही म्हणाले. तेवढ्यावरून पूर्वेकडच्या एका वर्तमानपत्रानं ‘ब्रेक्के यांची माघार’ अशी ठळक बातमी छापून टाकली. संध्याकाळी तिसऱ्यांदा विचारल्यावर ब्रेक्के म्हणाले, ‘बरं... आणखी दोनच वर्षं.’ ती बातमी आम्ही भिंतीला लावली आणि आठवडाभर हसलो.

बाहेरच्या माणसांचं मोजणं चुकतं, ही गोष्ट तेव्हा मला फार विनोदी वाटायची.

हॉलिस प्रुइट मला भेटला तो एका अंत्यविधीत. म्हणजे तो बाहेर होता, मी आत. सप्टेंबर संपत आला होता. सेल्मर नावाचे आमचे एक म्हातारे शेतकरी वारले होते. पास्टर स्कॉग प्रार्थना संपवून म्हणाले, ‘आता त्यांना विश्रांती मिळाली आहे,’ आणि तेवढ्यात रस्त्यावरून आकाश फाटल्यासारखा आवाज आला – ‘आणखी दोन वर्षं... आणखी दोन वर्षं...’

मी पक्षाच्या कचेरीत टायपिंग करायचे. त्यामुळे सगळं चर्च माझ्याकडे वळून बघू लागलं. मृताचा भाऊसुद्धा.

बाहेर एक गाडी उभी होती. टपावर दोन भोंगे, आणि खिडकीतून अर्धा आत शिरलेला एक लांबलचक तरुण.

“बटण अडकलंय, मॅडम,” तो आतूनच ओरडला. “काही केल्या बंद होईना.”

“आत अंत्यविधी चाललाय.”

तो बाहेर आला. चेहरा पार उतरलेला. “कुणाचा?”

“ज्यांना आणखी दोन वर्षं चालली असती, त्यांचा.”

मी हात घालून दिसली ती तार ओढली. भोंगा गप्प झाला. त्यानं आधी माझ्या हातातल्या तारेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“गव्हर्नरसाहेबांचा आवाज बंद करणाऱ्या या राज्यातल्या तुम्ही पहिल्याच.”

“ते मुळात फार बोलत नाहीत. अवघड नव्हतं.”

तो हसला. त्याचे डोळे तपकिरी होते, आणि तो हसायचा थांबला तरी ते थोडा वेळ हसत राहायचे. मी तार त्याच्या हातात दिली आणि आत जाऊन बसले. पुढची प्रार्थना कशाबद्दल होती ते मला आजही सांगता येणार नाही.

तो दक्षिणेचा, टेनेसीचा. गव्हर्नर ज्या गावी जाणार, तिथे आदल्या दिवशी भोंगा फिरवायचं काम पक्षानं त्याला दिलं होतं. आमच्या काउंटीची कचेरी बियाण्यांच्या एका बंद पडलेल्या दुकानात होती. तिथे टेबलं दोनच. एक माझं, दुसरं त्याचं झालं.

ऑक्टोबरचा पाऊस आमच्याकडे पाणी राहावं की बर्फ व्हावं या विचारात पडतो, आणि तोवर माणसाच्या कॉलरमधून आत उतरतो. अशाच एका संध्याकाळी मी घरी चालत निघाले होते. मागून भोंग्याची गाडी आली, शेजारी थांबली, काच खाली झाली.

“घरी सोडू का, मिस नेसेट?”

“नको, नको.”

“बरं,” असं म्हणून त्यानं काच वर केली आणि तो निघून गेला.

मी रस्त्याच्या मधोमध उभी. तोंड उघडं, त्यात पाऊस. घर तीन मैल लांब होतं.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत अकरा वेळा शिंकले. अकराव्या शिंकेला त्यानं पेन खाली ठेवलं.

“काल मी विचारलं होतं तुम्हाला.”

“एकदाच विचारलंत.”

“मग किती वेळा विचारायला हवं होतं?”

मी त्याला सगळी रीत समजावली. ब्रेक्केंची भिंतीवरची बातमीही दाखवली. पाद्र्याचं प्रवचन ऐकावं तसा तो मन लावून ऐकत होता.

“आमच्याकडे असं नाही,” तो म्हणाला. “माझी आई सांगते, बाईनं एकदा नाही म्हटलं की पुरुषानं दार कुठे आहे ते बघावं.”

“तुमच्याकडे कुणाला कॉफी मिळते की नाही?”

“मिळते. लगेच हो म्हणतो आम्ही.” थोडं थांबून त्यानं विचारलं, “आणि तिसऱ्यांदाही नाही म्हटलं तर?”

“तर ते ‘नाही’ खरं. मग निघायचं. चौथ्यांदा विचारणाऱ्या माणसाला आमच्याकडे भांडखोर समजतात.”

“तीन,” त्यानं बोटांवर मोजून पक्कं केलं. “मिस नेसेट, आज घरी सोडू का? सोडू का? सोडू का?”

“असं एकामागून एक नाही हो. मध्ये जागा सोडायची.”

“किती?”

“कळतं ते माणसाला.”

त्या दिवशी त्यानं दुपारी दोनला विचारलं, साडेतीनला विचारलं, आणि पाच वाजता हातात टोपी घेऊन पुन्हा विचारलं. मी मान तिरकी केली आणि म्हणाले, “बरं... चौकापर्यंत.” त्यानं मला घराच्या दारात सोडलं. आईला मात्र त्यानं त्याच आठवड्यात जिंकलं. केक पुढे केल्यावर खिशातून घड्याळ काढून, दोन नकारांच्या मध्ये तो बरोबर एक मिनिट जाऊ द्यायचा. आई म्हणाली, “मुलगा बाहेरचा आहे, पण अभ्यासू आहे.” आमच्याकडे कुणाची याहून जास्त स्तुती करत नाहीत.

मग मेळ्याच्या मैदानावरची सभा आली. ब्रेक्के दुपारी येणार होते. सकाळी आम्ही दोघंच मैदानावर भोंग्याचा आवाज तपासत होतो. मी शेवटच्या बाकावर उभी. नीट ऐकू आलं की रुमाल हलवायचा, एवढंच माझं काम.

“एक... दोन... तीन... ऐकू येतंय?”

मी रुमाल हलवला.

“मिस नेसेट आज निळा स्वेटर घालून आल्या आहेत. ऐकू येतंय?”

मी रुमाल जरा जास्त हलवला.

मग बराच वेळ नुसती खरखर आली. आणि मग – “मिस नेसेट, माझ्याशी लग्न कराल का?”

पलीकडच्या धान्याच्या कोठारावर आदळून तो प्रश्न परत आला, ‘कराल का... का...’ छपरावरची सगळी कबुतरं उडाली. मी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, “नाही. आवाज कमी करा.”

त्यानं आवाज कमी केला. मी इतकी हसले की बाकावर बसावं लागलं. त्यानं मात्र माझ्याकडे पाठ केली आणि तार गुंडाळायला घेतली. चार हात तार गुंडाळायला एवढा वेळ कसा लागतो, असं मनात आलं माझ्या. आलं आणि गेलं.

निवडणुकीच्या आधीच्या रविवारी चर्चनंतर तो मला तळ्याकाठी घेऊन गेला. काठाला बर्फाची पातळ साय धरली होती. भोंगे टपावर मुकाट्यानं बसले होते. तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. नवे तपकिरी हातमोजे, आयुष्यातले त्याचे पहिले.

“बुधवारी माझं काम संपतं,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“इथल्या रेडिओवर एक जागा निघणार आहे म्हणे. पण जागेसाठी मी थांबणार नाही, थोरा.” पहिल्यांदाच त्यानं मला नावानं हाक मारली. कधी तशा थंडीत कुणी आपलं नाव असं उच्चारलं, म्हणजे कळेल, नाव किती उबदार वस्तू असते ते. “मी थांबेन तर... तुमच्यासाठी. कराल माझ्याशी लग्न?”

मी समोरच्या बर्फाकडे बघत राहिले आणि आयुष्यातलं सगळ्यात गोड ‘नाही’ म्हणाले. हसू फुटू नये म्हणून ओठ इतका दाबून धरला होता की दुसऱ्या दिवशी तो सुजला.

हातमोजा काढून त्यानं माझ्या स्कार्फचं सुटलेलं टोक कॉलरमध्ये नीट खोचलं... फक्त टोक. बोट मानेला लागूसुद्धा दिलं नाही.

मी मनात म्हटलं – एक.

मंगळवारी मी तळघरात मतपत्रिका वाटायला बसले होते. मतदान चालू असताना भोंगेवाल्याला आत येता येत नव्हतं. चारच्या सुमाराला मी जरा हवा खायला मागच्या जिन्यावर आले, तर तो पायपुसण्यावर बूट पुसत उभा. बूट लख्ख होते. बराच वेळ पुसत असणार.

“मध्ये पुरेशी जागा सोडली आहे,” तो म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता. “पुन्हा विचारतोय, थोरा. कराल का?”

“नाही,” मी म्हणाले. आणि त्याला धीर यावा म्हणून वर जोडलं, “नाही हो, मिस्टर प्रुइट.”

दोन. आता एकच राहिलं होतं. मी कठड्यावर हात ठेवून मुद्दाम थोडी थांबले, म्हटलं, लगेच विचारलं तर लगेच हो म्हणेन. रीतीला इतपत मुरड घालता येते. पण तेवढ्यात हातात काठी घेतलेला एक म्हातारा मतदार आमच्या दोघांच्या मधून खाली उतरू लागला. हॉलिसनं त्याला हात दिला. म्हातारा आत गेल्यावर तो म्हणाला, “तुम्ही मला फार चांगलं वागवलंत, मिस नेसेट.”

दक्षिणेकडची माणसं गोड बोलतात, असं मी ऐकून होते. मी दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेले.

ब्रेक्केंना आमच्या गावातून सहाशे अकरा मतं पडली, टर्कीवाल्याला अडतीस. मोजताना माझ्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि मिसेस ऑमॉट म्हणाल्या, ही पोरगी ब्रेक्केंची केवढी भक्त आहे.

बुधवारी मी निळा पोशाख घातला. तिसऱ्यांदा विचारलं जाताना अंगावर काय असावं, याचा विचार मी रविवारपासून करत होते. कचेरी उघडली तर माझ्या टाइपरायटरवर भोंग्याच्या गाडीची किल्ली ठेवलेली, आणि समोरचं टेबल रिकामं. थोड्या वेळानं पास्टर स्कॉग आले. टोपी न काढता बसले, म्हणजे बातमी चांगली नव्हती.

“सातच्या बसनं गेला,” ते म्हणाले.

“कोण?”

“थोरा.”

मी टाइपरायटरवरचं झाकण सारखं केलं. “काही म्हणाला?”

“म्हणाला, तुमच्या रीतीनं तीनदा विचारलं, पास्टर. चौथ्यांदा विचारून तिला त्रास द्यायचा नाही मला.”

“दोनदा,” मी म्हणाले.

“तीन म्हणाला तो.”

“दोनदाच विचारलं. मीच मोजत होते.”

“मेळ्याच्या मैदानावर,” पास्टर एकेक बोट दुमडत म्हणाले, “तळ्याकाठी, आणि काल आमच्या जिन्यावर.”

“मैदानावर तो भोंगा तपासत होता.”

पास्टर स्कॉगनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, “भोंग्यातून विचारलेलं मोजायचं की नाही, यावर आमच्या चर्चचं काही मत नाही.” ते दयाळू गृहस्थ होते. जाताना त्यांनी दार इतकं हळू ओढून घेतलं, की ते लागलंच नाही.

निकाल मान्य नसेल तर फेरमोजणी मागता येते, असा आमच्या राज्यात कायदा आहे. त्या दिवशी सगळ्या काउंटीत फेरमोजणी हवी असलेली मी एकटीच होते, आणि माझा अर्ज घेणारी खिडकी कुठेच नव्हती.

“त्याला पत्र लिही,” आई म्हणाली.

“पत्ता कुठाय?”

“पत्ता मिळाला तर लिहिशील?”

“काय लिहू?”

“की तू दोनदाच नाही म्हणालीस.”

“ते म्हणजे मीच त्याला विचारल्यासारखं झालं, आई.”

आणि ते तसंच होतं. बटाट्याची पातळ पोळी तव्यावर करपली तरी ती उलटायचं आईला सुचलं नाही, आणि ती करपलेली पोळी आम्ही दोघींनी लोणी लावून खाल्ली.

गुरुवारी गव्हर्नरसाहेब आभार मानायला आले. कचेरीत चाळीस माणसं, तीन केक, आणि चर्चमधून आणलेल्या घडीच्या खुर्च्या. ब्रेक्के उंच होते आणि ते लपवण्यासाठी वाकून चालत. त्यांनी सगळ्यांच्या गायींची चौकशी केली, दोनदा ‘नको’ म्हणून केक घेतला, आणि फिरत फिरत माझ्या टेबलाशेजारी येऊन बसले.

“त्या प्रुइटनं काम छान केलं,” ते म्हणाले. “मी त्याला राजधानीत ठेवून घेत होतो. नको म्हणाला.”

“कितीदा विचारलंत?”

“एकदाच. बाहेरच्या माणसाला एकदाच विचारावं, थोरा. ते बोलतात ते खरं असतं.”

मी केकच्या सुरीकडे बघत राहिले. त्यांनी कोटाच्या खिशातून एक तपकिरी हातमोजा काढला. एकच. त्यात घडी घातलेला कागद खोचलेला होता.

“काल त्याला राजधानीतल्या स्टेशनवर सोडलं, तेव्हा हा माझ्या गाडीत राहिला. तो बहिणीकडे उतरणार आहे, तिचा पत्ता घेऊन ठेवलाय. पाठवून द्यावा म्हणतो.”

“टेनेसीत हातमोज्याचं काय काम?” आई मागून म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

“काम नसेल. पण एकच हातमोजा घेऊन माणूस करणार काय?” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. लोक म्हणत, या माणसाला वादळ गायींच्याही आधी कळतं. “तुम्हाला काही पाठवायचंय का याच्यासोबत? चिठ्ठी वगैरे?”

“नको, नको,” मी म्हणाले.

त्यांनी केकचा एक घास घेतला. कॉफीचा एक घोट घेतला. कागद परत खिशात ठेवला नाही. गुडघ्यावर ठेवला, आणि त्याची घडी अंगठ्यानं सारखी करत बसले. खोलीतलं बोलणं हळूहळू विरत गेलं. आमच्या गावात कान फार चांगले आहेत.

“दोन ओळी?” ते म्हणाले.

“नको हो, साहेब.”

आता चाळीस काटे बशीत थांबले होते. मिसेस ऑमॉटनी घास तोंडात तसाच धरून ठेवला होता. आईनं डोळे मिटले होते आणि तिचे ओठ हलत होते. ती प्रार्थना करत होती की मोजत होती, देव जाणे. कागद माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. त्यात एका रस्त्याचं नाव होतं, एका घराचा आकडा होता, आणि त्या घरात एक माणूस होता, ज्यानं मला फार चांगलं ओळखलं होतं आणि जो फक्त एका आकड्यानं चुकला होता. मला ते सगळं हवं होतं.

ब्रेक्केंनी कप खाली ठेवला. चांगली जागा सोडली. रीतीत बसेल त्याहूनही थोडी जास्त.

“थोरा,” ते हळूच म्हणाले, “काही हवंय का तुम्हाला?”

तिसऱ्यांदा.

मी मान तिरकी केली. सगळ्या खोलीनं श्वास रोखून धरला. पण तिसऱ्यांदा ‘हो’ म्हणायची मला सवय होती ती कॉफीची, आणि तीही अर्ध्याच कपाची. पूर्ण काही मागायचं असतं तेव्हा तोंड कसं उघडतात, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

“हो,” मी म्हणाले. “साहेब, जरा उठता का? तुम्ही बसलाय ती खुर्ची चर्चची आहे, पाचच्या आत परत करायची आहे.”